१४.२ अधिक १५.९ : ताकदीच्या कार्यक्रमाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

कारखान्यात कुठलंही काम हातात घेतलं की पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहायच्या: आत्ता काय आहे, काय हवंय, आणि झालं हे कशावरून कळणार. बावीस वर्षं क्वालिटीत काढल्यावर वही दुसऱ्या पद्धतीने उघडताच येत नाही.

आत्ता काय आहे: वय ५१, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. नोव्हेंबरात आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिच्या पलंगाशी बसलेली असतानाच हाडांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून "तुमचंही एकदा तपासून घ्या" म्हटलं. डिसेंबरात डेक्सा स्कॅन केला, म्हणजे हाडांची घनता मोजून घेतली. टी-स्कोर म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या मानाने आपलं हाड किती खाली. कण्याचा उणे २.१, खुब्याचा उणे १.८. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. मी मधल्या पट्ट्यात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर माल अजून रिजेक्ट नाही, पण टॉलरन्स संपत आलाय. गोळ्यांचं डॉक्टर बघतील. "वजन उचलायला लागा" एवढं ते म्हणाले. किती, कसं, कुठलं, ते नाही म्हणाले.

काय हवंय: हाडांची घसरण थांबायला हवी. गुडघा आहे त्याहून बिघडायला नको. आणि गॅसचा सिलिंडर. दारात ठेवलेला भरलेला सिलिंडर मी तिरका करून, बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत आत नेते, फरशीवर त्याचे ओरखडे आहेत. आत गॅस १४.२ किलो, आणि रिकाम्या टाकीचं वजन वर पट्टीवर छापलेलं असतं. आमच्या सध्याच्या टाकीवर १५.९ आहे. बेरीज ३०.१. तो उचलून ओट्याखाली ठेवायचा, कुणाला हाक न मारता.

कशावरून कळणार: पुढच्या डिसेंबर-जानेवारीतला डेक्सा. सिलिंडर. आणि ही वही.

९ जानेवारी, मंगळवार

चिंचवडात घराजवळच्या जिममध्ये चौकशी केली. ट्रेनर पंचवीस-सव्वीसचा, मुलगा गोड आहे. भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता: सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार शोल्डर, गुरुवार बायसेप्स-ट्रायसेप्स, शुक्रवार लेग्ज, शनिवार ॲब्ज आणि कार्डिओ. हा सगळ्यांना सारखाच का, असं विचारलं. "नाही काकू, लेडीजना वजन हलकं आणि रेप्स जास्त. टोनिंग." टोनिंग म्हणजे नेमकं काय होतं, हे त्याला सांगता आलं नाही. दोन किलोचे गुलाबी डंबेल हातात दिले आणि वीस-वीसचे तीन सेट, म्हणजे वीसदा उचलायचं, थांबायचं, असं तीनदा. एकदा उचललं की एक रेप. विसाव्या रेपला मी त्याच्याशी निवांत गप्पा मारत होते. माझी भाजीची पिशवी याहून जड असते.

तीन महिन्यांची फी भरली तरीही. जागा जवळ आहे, रॉड आणि रॅक आहेत, सकाळी सहाला उघडतं. तक्ता मी माझा आणेन.

११ जानेवारी, गुरुवार

आईला घरी चालवायला येणाऱ्या फिजिओकडूनच माझी मापं घेतली. ती तिच्या कामात आमच्या लॅबइतकीच काटेकोर आहे.

हाताची पकड: १९ किलो. आशियाई लोकांसाठी स्नायू झिजण्याबद्दलचे जे निकष २०१९ साली ठरले त्यात बायकांसाठी १८ च्या खाली गेलं की धोक्याची खूण. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला लागलेला वेळ ११.४ सेकंद, १२ झाले की खूण. दोन्हीकडे मी कडेवर उभी. कंबर ८४ सेंटिमीटर. आपल्याकडे बायकांना ८० ची मर्यादा धरतात.

आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.४, अगदी पोस्टरवर लावावा असा. फिजिओ म्हणाली, या आकड्यावर जाऊ नका, आणि तिने तो पुण्याचा प्रसिद्ध फोटो दाखवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघे शेजारी शेजारी उभे, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणारा, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेला आपला देह. मला आयुष्यभर सगळ्यांनी "तुला कशाला व्यायाम, काटक आहेस" असं म्हटलं. काटक नव्हते, कपड्यांत बारीक होते.

म्हणजे वजन कमी करायच्या कुठल्याही कार्यक्रमाचा मला उपयोग नाही. कमी करायला माझ्याकडे जे आहे ते मोजकंच, आणि तेही चुकीचं कमी झालं तर हाडं आणखी उघडी पडायची.

१४ जानेवारी, रविवार

आज दिवसभर पर्याय मांडले. पाहुणे येणार होते ते आले नाहीत, बरं झालं.

जिमचा सहा दिवसांचा तक्ता आधी. तो वाईट नाही, तो माझा नाही. छाती-दंड भरायचे असलेल्या, रोज दीड तास हाताशी असलेल्या मुलांसाठी आहे. त्यात पायांना आठवड्यात एकच दिवस, आणि माझं तर सगळं काम खुब्यात आणि कण्यात. शिवाय मला सहा दिवस मिळणार नाहीत. जनरल शिफ्ट, आई, स्वयंपाक. सहा दिवसांच्या तक्त्यातले तीन दिवस बुडाले की नेमके कुठले बुडतात? लेग्ज. सगळ्यांचे तेच बुडतात.

लेकीने बंगळुरूहून एक ॲप पाठवलं, बारा आठवडे, घरच्या घरी, उड्या आणि बर्पी आणि घाम. माझ्या डाव्या गुडघ्याने व्हिडिओ बघूनच नकार दिला.

भावाचं म्हणणं सूर्यनमस्कार घाल. घालीनही, पण हाडाला नेहमीपेक्षा जास्त भार पडला तरच ते नवं बांधकाम काढतं, आणि सूर्यनमस्कारात भार वाढवायची सोय नाही. बारा घाला की एकशे आठ, शरीर तेच ५६ किलो. शिवाय वाकून पाठ गोल करण्याबद्दल फिजिओने आधीच बोट वर केलंय. मणके ठिसूळ असताना पुढे वाकून, त्यावर वजन घेऊन पाठ गोल करायची नाही. जिमच्या तक्त्यातले सिट-अप्सही त्यामुळे कटाप.

मग रॉडचा तीन दिवसांचा नवशिक्यांचा कार्यक्रम. स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन बैठक, प्रेस म्हणजे रॉड डोक्यावर ढकलणं, डेडलिफ्ट म्हणजे खालून रॉड उचलून सरळ उभं राहणं. पाच-पाच रेप्स, दर वेळी अडीच किलो वाढव. हा मला पटला, कारण साधा आहे. पण गणित केलं. २० किलोच्या रॉडवर अडीच किलो म्हणजे साडेबारा टक्के वाढ. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा २००९ चा सल्ला एका टप्प्याला २ ते १० टक्के वाढीचा आहे. ८० किलो उचलणाऱ्या मुलाला अडीच किलो म्हणजे तीन टक्के, त्याला कळणारही नाही. मला ती भिंत वाटेल. सगळ्यांना सारखे किलो वाढवा असं सांगणारा कार्यक्रम हा मुळात जड माणसासाठी लिहिलेला असतो.

शेवटी फिजिओने सांगितलेला अभ्यास. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठातला, लिफ्टमोर नावाचा. पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. अर्ध्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, तीस मिनिटं: डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर प्रेस, पाच सेट पाच रेप्स, आणि वजन त्यांच्या कमाल ताकदीच्या ८०-८५ टक्क्यांहून वर. शिवाय बारला लटकून उडी मारून धप्पकन खाली उतरणं. उरलेल्या अर्ध्या बायकांना घरी हलक्या वजनाचे व्यायाम. जड गटाच्या कण्याची घनता २.९ टक्के वाढली. हलक्या गटाची १.२ टक्के घटली.

हलका गट म्हणजे माझे गुलाबी डंबेल! ट्रेनरने मला प्रेमाने त्या तुलनेतल्या हरणाऱ्या गटात बसवलं होतं.

पण लगेच उड्या मारायच्या नाहीत. त्या बायका तज्ज्ञांच्या नजरेखाली उचलत होत्या, आधी तपासून घेतलेल्या होत्या, आणि पहिला महिना नुसता शिकण्यात गेला, अंगाच्या वजनावर आणि हलक्या भारावर. इजा एकच नोंदली गेली, पाठीत किरकोळ उबळ. ती एकच का, याचं उत्तर त्या पहिल्या महिन्यात आहे असं मला वाटतं.

ठरलं: आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शनिवार, सकाळी सव्वासहा. पाच सेट, पाच रेप्स. पहिला महिना वजन नाही. डॉक्टरांना विचारून, फिजिओ पंधरा दिवसांतून एकदा जिममध्ये येणार. दोन दिवस हे आळशीपणाचं माप नाही. जागतिक आरोग्य संघटनाही स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवसच मागते. आणि मला बुडवता न येणारे दोन दिवस हवेत, बुडवता येणारे सहा नकोत.

१६ जानेवारी, मंगळवार

काल संक्रांत. आज पहिला दिवस. पोछ्याची काठी पाठीला लावून उभी: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेली ठेवून, कंबर मागे ढकलत खुब्यातून पुढे वाकायचं. काठी एका जागी जरी सुटली तरी रेप बाद. मला वाटायचं मला वाकता येतं. वीसपैकी चार पास.

ट्रेनर म्हणाला, "काकू, हे काय, साफसफाई?"

३० जानेवारी, मंगळवार

वीसपैकी अठरा. खुर्चीवर बसणं-उठणं छातीशी पाच किलो धरून. दहा सेंटिमीटरच्या पायरीवरून दोन्ही पायांवर धप्प उतरणं, दहा वेळा. लटकून उडी मारण्याऐवजी फिजिओने हे दिलंय, गुडघ्याकडे बघून. खालच्या मजल्यावरचं दुकान सव्वासहाला बंद असतं, म्हणून निभावतंय.

६ फेब्रुवारी, मंगळवार

जिममधल्या वजनांवर विश्वास बसेना म्हणून प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा घेऊन गेले. पाच किलो कोरलेल्या आठ प्लेट मोजल्या. सगळ्यात हलकी ४.६, सगळ्यात जड ५.३. एका बाजूला ४.६ आणि दुसऱ्या बाजूला ५.३ लागली तर मी वाकडा भार उचलणार, आणि वहीत लिहिणार सरळ आकडा. जुळणाऱ्या जोड्या शोधल्या, आतल्या बाजूला नेलपॉलिशचे ठिपके दिले: लाल, लाल, मरून, मरून. मुलं हसली. ट्रेनर हसला नाही, त्याने विचारलं, वीसवाल्याही मोजू का?

मोठा रॉड २० चा आहे, तो खरंच २० चा निघाला. छोटा पाचफुटी ७.५ किलोचा.

आणखी एक अडचण. डेडलिफ्टची सगळी मापं मोठ्या प्लेट धरून लिहिलेली असतात. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर, म्हणजे रॉड जमिनीपासून २२५ वर. मी लावते त्या छोट्या प्लेटनी रॉड नडगीच्या पार खाली जातो, आणि तिथून उचलायचं तर माझी पाठ गोल होते. म्हणून दोन्ही बाजूंना एरोबिक्सचे स्टेपर ठेवून त्यावर रॉड. माप पट्टीने घेतलं, २३०. चालेल.

डेडलिफ्ट २० किलो, ५×५. सोपं. प्रेस ७.५ किलो, ५×५. शेवटचा सेट सोपा नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

स्क्वॉटचं जमत नाहीये. रॉड खांद्यावर घेतला की मी जवळपास आडवी होते, जणू देवळात दंडवत. ट्रेनर म्हणतो छाती वर काढा. काढते, मग मागे पडते.

फिजिओने बाजूने व्हिडिओ घेतला आणि थांबवून त्यावर बोटाने रेघा मारल्या. माझी मांडी लांब, धड आखूड. खाली बसताना कमरेचा भाग जितका मागे जातो तितकं वरचं अंग पुढे यावं लागतं, नाहीतर तोल जातो. यात माझा दोष नाही, भूमिती आहे. आखूड मांडीच्या मुलाला जो स्क्वॉट सरळ दिसतो तो माझा कधीच दिसणार नाही. आणि कण्याचा टी-स्कोर उणे २.१ असताना इतकं आडवं होऊन वजन घ्यायचं नाही.

उपाय तीन करून बघितले. टाचांखाली पातळ प्लेट: थोडा फरक. मागे ठोकळा ठेवून त्यावर टेकून उठणं: चांगलं, खोली दर वेळी तीच राहते, गुडघाही बोलत नाही. वजन छातीशी धरणं: सगळ्यात चांगलं, धड आपोआप उभं राहतं, पण माझे हात पायांआधी थकतात. आता छातीशी डंबेल आणि मागे ठोकळा, दोन्ही. हाताला जमेना झालं की मग रॉडचा विचार.

लिफ्टमोरमध्ये पाठीवर रॉड घेऊन स्क्वॉट होता. माझ्यात नाही. कार्यक्रमातलं नाव बदललं तरी काम तेच राहिलं पाहिजे: खुब्यावर जड भार, पाय लावून उभं राहणं.

५ मार्च, मंगळवार

प्रेस १० किलोवर थांबला. पुढची पायरी १२.५, आणि ती पंचवीस टक्के आहे. जिममध्ये सव्वा किलोहून छोटी प्लेटच नाही.

कारखान्याशेजारी लेथचं छोटं वर्कशॉप आहे, आमची फुटकळ कामं तिथे जातात. चालवणारे दादा तरुणपणी मावळात कुस्ती खेळलेले, कान अजून फुगलेले. त्यांना चित्र काढून दिलं: बाहेरचा व्यास १२० मिलिमीटर, भोक ५१, जाडी ७. पोलादाची घनता ७.८५ धरली तर ५०९ ग्रॅम येतात. आठची प्लेट कापून फेसिंग करत करत ५०० वर आणायची. चार चकत्या. छोट्या रॉडसाठी तशाच, भोक ३० चं, व्यास थोडा कमी.

दादांनी कशाला म्हणून विचारलं. सांगितलं. ते हसले नाहीत. "आमच्या तालमीत वस्ताद म्हणायचे, जोर मोजू नका, दम मोजा. उद्या येऊन परत तेवढेच मारता आले तर आज बरोबर मारलेत." मग चकती काट्यावर ठेवली. ४९८ भरली. "दोन ग्रॅम तुमच्याकडे राहू द्या मॅडम."

पैसे दिले, पावती घेतली. सवय.

१९ मार्च, मंगळवार

डेडलिफ्ट ३२.५. प्रेस ११. स्क्वॉट १२ किलोचा डंबेल.

३० मार्च, शनिवार

वर्षअखेर. ऑडिट. पाठोपाठ तीन दिवस बुडाले. म्हणजे बुडवता न येणारे दोन दिवसही बुडतात, हे नोंदवून ठेवते. नियम: एक दिवस बुडाला तर जिथे होतो तिथून पुढे. तीन बुडाले तर दहा टक्के खाली उतरून पुन्हा चढायचं. बुडालेला दिवस रविवारी भरून काढायचा नाही.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. जिम बंद. आई आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते. गुढी उभारताना तिला माझे आकडे सांगितले, तर म्हणाली, "मला काय सांगतेस वजन. तू पोटात होतीस तेव्हा डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, काखेत घागर. विहिरीपासून घर चढावर."

हिशेब केला, तीस किलो कुठे गेलेच नाहीत. मग तिचा खुबा का मोडला? दुपारभर हा प्रश्न डोक्यात. माझ्यापुरतं उत्तर असं: गावात नळ आला त्याला चाळीस वर्षं झाली. हाड कालच्या भाराचा हिशेब ठेवत नाही, आजचा ठेवतं. शिवाय त्या हंड्यासोबत अर्धपोटी जेवणही होतं. आईच्या पिढीला हे सांगायची सोय नाही, त्यामुळे श्रीखंड वाढलं आणि गप्प बसले.

जेवणाचं एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा नको. आठवडाभर प्रथिनं मोजली: दिवसाला सरासरी ४१ ग्रॅम. किलोमागे ०.८३ ग्रॅम ही आपल्याकडची शिफारस; माझ्यासाठी ४६. वजन उचलणाऱ्यांसाठी किलोमागे १.६ पर्यंत फायदा दिसतो, म्हणजे ९०. ते मला पेलणार नाही. दोन अंडी, एक पेला दूध, भाजीत तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या: आता ७५ च्या आसपास. घरात वड्यांबद्दल नाराजी आहे.

११ मे, शनिवार

मूर्खपणा. सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे चूक लपवली तर ती परत येते.

डेडलिफ्ट ४५ किलो ठरलेले पाच सेट छान झाले. बाजूच्या रॅकवरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ट्रेनर म्हणाला, "काकू, एक मॅक्स मारा की, बघू तरी." मी ५५ लावले. वहीत कुठेही नसलेला आकडा, थकलेल्या पाठीवर, टाळ्यांसाठी. उचलले. उतरवताना घाई केली, स्टेपरची कड चुकली, रॉड एका बाजूने खाली गेला आणि मी त्याच्यासोबत वळले. कमरेत उजवीकडे काहीतरी घट्ट धरलं.

मुलाचा दोष नाही. त्याने मला पहिल्यांदाच गुलाबी डंबेलवाल्या रांगेतून बाहेर काढून बघितलं होतं.

१४ मे, मंगळवार

फिजिओ: स्नायू आखडलाय, मणक्याचं काही नाही, पायात मुंग्या नाहीत, चालत राहा. नवऱ्याचं एकच वाक्य, "सांगितलं होतं." त्याने कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही.

२५ मे, शनिवार

तीन दिवस बुडाले. ३७.५ वर परत. स्टेपरऐवजी आता रबरी लाद्या, कड नसलेल्या. कमाल वजन उचलून बघायचंच नाही. ते काढायला आकडेमोड आहे.

१८ जून, मंगळवार

कमाल वजनाची आकडेमोड अशी. जे वजन पाच वेळा जेमतेम उचलता येतं ते घ्या, रेप्सना तीसने भागा, त्यात एक मिळवा, गुणा. नेब्रास्का विद्यापीठातले ताकदीचे प्रशिक्षक बॉइड एप्ली यांचं सूत्र. माझे ४७.५ चे पाच रेप्स जेमतेम होतात: ४७.५ × १.१६७, म्हणजे ५५ च्या जवळ. मे महिन्यात टाळ्यांसाठी जे उचललं तेच कागदावर निघालं, पाठ न दुखवता.

आणि त्याचे ८५ टक्के ४७. म्हणजे पाच रेप्स जेमतेम होणारं वजन हेच ८५ टक्क्यांच्या आसपास असतं; टक्केवारीचा तक्ता घेऊन फिरायची गरज नाही. पण पाच सेट करायचे तर पहिल्या सेटला थोडं हातचं राखावं लागतं. मी आता प्रत्येक सेटपुढे लिहिते: आणखी किती झाले असते. पहिल्याला दोन, शेवटच्याला एक, तर वजन बरोबर. पहिल्यालाच शून्य, तर आज झोप झालेली नाही, पाच टक्के काढा. पहिल्याला चार, तर पुढच्या वेळी चकत्या लावा. दादांच्या वस्तादांचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं.

या एका रकान्याने कार्यक्रम माझा झाला. बाकी सगळं कुणाकुणाचं उसनं आहे.

९ जुलै, मंगळवार

डेडलिफ्ट ५०. संध्याकाळी सिलिंडर आला. पोऱ्या दारात ठेवून गेला. टाकीवर बघितलं, या वेळी १५.६, म्हणजे २९.८.

उचलला. अगदी सहज, आणि तिथेच घोटाळा झाला. उचलणं हा प्रश्नच नव्हता. कडं दोन हातांत धरलं की टाकी दोन्ही गुडघ्यांवर आपटते, पाऊलच टाकता येत नाही. एका हाताने धरलं तर कड्यात चारच बोटं मावतात, आणि अंग विरुद्ध बाजूला कलतं. चार पावलांत खाली ठेवावा लागला. पुन्हा चार. असे तीन टप्पे करून ओट्यापर्यंत. ओरखडा नाही, हाक नाही. पण उचलून नेला असंही म्हणवत नाही.

सहा महिने मी दोन पायांवर सरळ उभं राहून, दोन हातांत सारखा भार उचलला. घरातली एकही वस्तू तशी नसते. बादली एका हातात, पिशवी एका हातात, आई एका खांद्याला.

१३ जुलै, शनिवार

बदल: प्रत्येक दिवसाच्या शेवटी एका हातात डंबेल घेऊन वीस मीटर चाल, मग दुसऱ्या हातात. १२ किलोपासून. ट्रेडमिलच्या रांगेपुढून जाते, लोक बाजूला होतात. धप्प उतरणं तसंच. बाकी काही वाढवलं नाही, कारण एक घातलं की एक काढायचं, नाहीतर हा तक्ताही एक दिवस लॅमिनेट होईल. प्रेसचे पाच सेटचे तीन केले.

६ ऑगस्ट, मंगळवार

प्रेस १७ वर अडकलाय, तीन आठवडे. मनगट जुनं मोडलेलं, ते कुरकुरतंय. तीन सेटचे परत पाच केले. चाल १६ किलो.

२० ऑगस्ट, मंगळवार

ट्रेनरने भिंतीवरचा तक्ता काढलेला नाही. त्याखाली पाटीवर खडूने लिहिलंय: प्लेट ठिपके बघून लावा.

१४ सप्टेंबर, शनिवार

गणपतीमुळे गेल्या शनिवारी सुट्टी, मंगळवार झाला. आज फिजिओने पुन्हा मापं घेतली. पकड २४ किलो. खुर्ची ८.१ सेकंद. वजन ५६.८. कंबर ८३, म्हणजे टेपच्या चुकीएवढा फरक. त्याला फरक म्हणणार नाही. डावा गुडघा जिना उतरताना अजून बोलतो, पण आवाज खाली आलाय. हाडांचं काही सांगता येत नाही, डेक्सा जानेवारीत. त्याआधी केला तर मशीनच्या चुकीतच बदल बुडून जाईल.

स्क्वॉटचा डंबेल २० किलोचा झाला, त्यापुढचा जिममध्ये नाही. म्हणजे फेब्रुवारीत टाळलेला रॉड आता पुढे, गळ्याशी धरून, ठोकळ्यावर टेकून. मनगटाला ते झेपेल का बघायचं. नाही झेपलं तर पट्टे बांधून.

मंगळवारचं पान:
डेडलिफ्ट ५३, लाल जोडी आणि चकत्या. रॉड पुढून, नुसता २०, तीन सेट, व्हिडिओ बाजूने. प्रेस १६, १७ नाही. चाल १८, डावा हात आधी. अनंत चतुर्दशी आहे, जिम उघडी आहे का ते सोमवारी विचारणे.